१७९२ सालचा कारकून : पहिला पेशवेकालीन पोशाख स्वतः शिवताना

प्रश्न असा आला आहे: वय २९, पुण्यात नोकरी, सुई-दोऱ्याचा सराव बटण लावण्यापुरता. पुढच्या गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत पेशवेकालीन पोशाख घालायचा आहे, पण भाड्याने मिळतो तो मखमलीचा, टिकल्यांच्या पट्ट्या लावलेला ‘पेशवा ड्रेस’ नको. स्वतः शिवता येईल का? सुरुवात कुठून करायची, खर्च किती, वेळ किती? शिवाय पत्नीलाही त्या काळातलं काही घालायचं आहे.

नक्की येईल. मी साताऱ्यात नोकरी सांभाळून गेली १८ वर्षं हेच करतो आहे, आणि सुरुवात केली तेव्हा मलाही बटण लावण्यापलीकडे काही येत नव्हतं. सगळं जरा सविस्तर सांगतो, कारण या छंदात पहिला पोशाख चुकला की बहुतेक जण तिथेच थांबतात.

सगळ्यात आधी एक विनंती. पेशवा होऊ नका, कारकून व्हा. ‘पेशवेकालीन’ म्हणजे शंभरावर वर्षांचा काळ. त्यातलं एक साल, एक गाव आणि एक माणूस पक्का करा. मी सुचवेन १७९२ सालचं पुणे आणि दफ्तरात बसून लिहिणारा कारकून. त्याच्या अंगावर धोतर, सुती अंगरखा, खांद्यावर उपरणं, डोक्याला पागोटं आणि पायात जोडे. सरदाराचा पोशाख करायचा म्हणजे किनखाब, शालजोडी, मोत्यांच्या माळा, शिरपेच आले. ते खरे परवडत नाहीत, आणि खोटे लावले की पुन्हा तुम्हाला नको असलेल्या भाड्याच्या ड्रेसपाशी येऊन थांबता. कारकुनाचं सगळं सामान मात्र आजही बाजारात खरंखुरं मिळतं: सूत, हळद, तुरटी, मेण, चामडं. दुसरं कारण माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे. तो माणूस हे कपडे घालून दिवसभर काम करत होता, त्यामुळे आपला अंगरखा बरोबर झाला की नाही हे तुम्हाला स्वतःच्या अंगावर तपासता येतं. मांडी घालून दोन तास लिहायला बसा. कुठे काचतं, कुठे ओढतं ते कळतं, आणि चूक बहुधा तिथेच सापडते.

१७९२ हे साल मुद्दाम निवडलं. त्या काळात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात काम करत होता. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं १७९२ साली काढलेलं मोठं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्याच्याच सोबतीने काम केलेल्या गंगाराम तांबट या पुण्याच्या कलाकाराची रेखाटनं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तिसरं चित्र थॉमस डॅनियलचं. चार्ल्स मॅलेट हा इंग्रज रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा वकील, १७९० साली पेशव्यांच्या दरबारात तह करतो आहे, असा त्याचा प्रसंग. डॅनियलने ते वेल्सच्या कच्च्या रेखाटनांवरून १८०५ साली पुरं केलं आणि आज ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते संगणकावर मोठं करून पाहा, पण मधल्या मानकऱ्यांकडे पाहू नका. कडेला बसलेल्या माणसांकडे पाहा. पांढरं कापड किती आहे, ते मांडीवर कसं पसरलं आहे, बाहीला मनगटाशी चुण्या कशा पडल्या आहेत. तासभर नुसतं बघत बसलात तर निम्मा अंगरखा तिथेच समजतो.

चित्रं पाहताना एक काळजी घ्या. मोगल काळापासून हिंदूंच्या जाम्याचे (अंगरख्यासारख्या घेरदार झग्याचे) बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या, डाव्या बगलेखाली आणि मुसलमानांचे उजव्या बगलेखाली असा सर्वसाधारण संकेत होता, आणि जाणकार लघुचित्रांतली माणसं त्यावरूनही ओळखतात. पण जुन्या युरोपीय पुस्तकांतली चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली असत. कोरणाऱ्याने मूळ चित्र तसंच्या तसं उतरवलं तर छापताना ते आरशातल्यासारखं उलटं होतं आणि डावीकडचे बंद उजवीकडे जातात. म्हणून एका छापील चित्रावर भरवसा ठेवून कधी कापू नका. तलवार कुठल्या कमरेला आहे, कलम कुठल्या हातात आहे, तेही बघा.

आपल्या मनातलं ‘पेशवाई’ चित्र खरं तर रंगभूमीने आणि नंतर सिनेमाने घडवलं आहे. रंगमंचावर दिव्यांच्या उजेडात शेवटच्या रांगेपर्यंत चमक पोचावी लागते, म्हणून मखमल आणि टिकल्या. तिथे ते योग्यच आहे. चैत्राच्या उन्हात चार तास चालणाऱ्या माणसासाठी तो कपडाच नव्हे. मी एका शोभायात्रेत जाड मखमलीतला, आतून पॉलिस्टरचं अस्तर असलेला एक तरुण सावलीला आडवा केलेला पाहिला आहे. त्याचे बंद सोडवायला गेलो तर बंद नव्हतेच, पाठीला चेन होती आणि ती अडकली होती. मलमलीचा अंगरखा घातलेली माणसं त्याच उन्हात झांजा वाजवत होती.

आता कापड. पहिल्या अंगरख्यासाठी साधी सुती मलमल घ्या, ४४ इंच पन्ह्याची, पाच मीटर. हातमागाची खादी मिळाली तर फारच छान, पण पहिल्या वेळी तो आग्रह नको. पॉलिस्टर मिसळलेलं कापड ओळखायची सोपी खूण: कडेचा एक धागा काढून जाळा. सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची काळी टणक गोळी होते. दुकानदार काहीही म्हणो, मी हे केल्याशिवाय पैसे देत नाही. मलमलीशिवाय तीन मीटर मांजरपाट घ्या, धड आणि बाह्यांच्या कच्च्या बेतासाठी, म्हणजे आधी कापून-जोडून पाहायच्या नमुन्यासाठी. घरी आणल्यावर दोन्ही कापडं रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून मगच कापायची. नव्या सुतात खळ असते आणि धुतल्यावर ते आटतं. मी एकदा घाईत हे टाळलं, तर पहिल्या धुण्यानंतर बाह्या मनगटाच्या वर गेल्या.

बेत हा या सगळ्यातला सर्वात सुंदर भाग, म्हणून इथे जरा थांबतो. आजचा शर्ट आपण गोलाईत कापतो आणि पुष्कळ कापड वाया घालवतो. जुना अंगरखा जवळजवळ सगळा चौकोनांचा आणि तिरक्या पट्ट्यांचा बनतो, कारण हाताने विणलेल्या कापडाचा पन्हा अरुंद असे आणि एकेका वितीला किंमत होती. पाठ म्हणजे एक आयत. पुढचे दोन भाग एकमेकांवर येतील असे. बाही म्हणजे मनगटाकडे निमुळती होत जाणारी लांब पट्टी, हातापेक्षा चार-पाच इंच जास्त, म्हणजे मनगटाशी चुण्या पडतात. आणि कमरेखाली कळ्यांचा, म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद अशा पट्ट्यांचा, घेर.

कळ्या अशा काढा. २० इंच रुंद आणि ३० इंच लांब आयत आखा. वरच्या कडेला डावीकडून ५ इंचांवर खूण, खालच्या कडेला डावीकडून १५ इंचांवर खूण, दोन्ही रेघेने जोडा आणि कापा. दोन सारख्या कळ्या मिळतात, दुसरी फक्त उलटी फिरवायची. चिंधीसुद्धा उरत नाही. अशा १२ कळ्या केल्या की दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा इंच शिलाईत जाऊन कमरेशी ४८ इंच आणि खाली १६८ इंच, म्हणजे १४ फूट घेर मिळतो. तुमची कंबर ३४-३६ असेल तर पुढचे भाग एकमेकांवर यायला ४८ पुरतात. जोडताना एका कळीची तिरकी कड दुसरीच्या सरळ कडेला जोडा. तिरक्या कडा ताणतात. दोन तिरक्या कडा एकत्र आल्या की ती शिवण लोंबते आणि घेर झोळासारखा दिसतो. सगळा घेर जोडून झाला की अंगरखा दोन रात्री खुंटीला टांगून ठेवा, कापड आपल्या वजनाने जेवढं उतरायचं तेवढं उतरू द्या, आणि मगच खालची कड सारखी करून दुमडा.

आता बगल. माझा पहिला अंगरखा दिसायला बरा झाला होता. पाडव्याला सकाळी तो घालून गुढी उभारायला दोन्ही हात वर केले आणि उजव्या बगलेपासून कमरेपर्यंत कापड फाटत गेलं. शिवण शाबूत होती, कापडच फाटलं होतं. मला वाटलं मलमल कच्ची निघाली, म्हणून दुसरा जाड कापडाचा शिवला. तो फाटला नाही, पण हात वर केला की सगळा अंगरखा छातीवर चढत होता. पुढे वर्षभराने एका स्नेह्यांच्या घरी ट्रंकेतून त्यांच्या खापरपणजोबांचा म्हणून जपलेला एक जुना अंगरखा निघाला. तो मी पांढऱ्या चादरीवर पसरून उलटा करून पाहिला. बाही आणि धड जिथे मिळतात तिथे तळहातापेक्षा लहान असा एक चौकोन कोनावर उभा करून शिवलेला होता. डावीकडचा मूळ कापडाचा होता. उजवीकडचा वेगळ्याच, जरा पिवळट कापडाचा, आणि त्याचे टाके वेगळ्या हाताचे. कोणीतरी तो झिजल्यावर बदलला होता. म्हणजे लिहिणारा, काम करणारा उजवा हात, त्याच्याखालचा झिजलेला चौकोन, आणि तेवढाच काढून नवा बसवणारं घरातलं कोणी. मी बराच वेळ तिथून उठलो नाही. त्या चार इंचांच्या तुकड्यामुळे हात सरळ आभाळाकडे जातो आणि कंबर जागची हलत नाही.

तर बगलेत चार-साडेचार इंचांचा चौकोन हवाच. तो बसवायला अवघड आहे, कोपरे चुकतात. आधी मांजरपाटात तीनदा बसवून पाहा, उसवून पाहा, पुन्हा बसवा.

शिलाई हातानेच करा, असा माझा आग्रह आहे. शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आलं. १७९२ च्या कपड्यावर यंत्राची एकसारखी टीप दिसली की जाणकाराचं लक्ष तिथेच जातं. पण त्याहून मोठं कारण म्हणजे तलम मलमल यंत्राखाली गोळा होते आणि हाताखाली होत नाही. टाके दोनच शिका: धावदोरा (सुई सरळ पुढे वर-खाली नेत जायचा) आणि उलटी टीप (दर टाक्याला सुई एक पाऊल मागे घेऊन पुढे काढायची). लांब शिवणींना धावदोरा, आणि दर चार टाक्यांनंतर एक उलटा. बगल, खांदा आणि बंदांच्या मुळाशी सगळी उलटी टीप. मग एक कड दुसरीत गुंडाळून हेम करून दाबून टाका, म्हणजे आतून एकही सूत सुटं दिसत नाही. दोरा सुती, हातभर लांब, त्याहून जास्त नको. मेणाच्या खड्यावरून दोनदा ओढून घेतला की गाठी पडत नाहीत. बारीक सुई, मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे शिंप्याची धातूची टोपी. पहिल्या आठवड्यात अंगुस्तान नकोसं वाटतं, पण सोडू नका.

वेळेचा हिशेब: अशा अंगरख्यात साधारण २५ मीटर शिवण असते. नवख्या हाताला मीटरला २५ मिनिटं धरा, म्हणजे साडेदहा तास. गुंडाळून दाबायला तेवढेच. बगला, गळ्याची मगजी (कडेला लावायची पट्टी), बंद आणि खालची कड मिळून आणखी १५-२० तास. म्हणजे ४० तास, रोज तासभर दिलात तर सहा आठवडे. दिवाळीनंतर सुरुवात केलीत तर पाडव्याला सहज तयार. बंद स्वतःच्या कापडाचेच करा, नऊ-दहा इंच लांब आणि बोटभर रुंद. आतला एक जोड बाहेरून दिसत नाही, पण तोच सगळा भार घेतो. तो विसरलात तर चालताना पुढचा भाग उघडतो. बटण, हूक, चेन, वेल्क्रो यातलं काहीही लावू नका.

रंगाबद्दल थोडक्यात. पहिला अंगरखा पांढराच ठेवा, पागोटं रंगवा. पहिला कृत्रिम रंग १८५६ साली निघाला. त्याआधी सगळे रंग झाडापाल्याचे, लाखेसारख्या किड्यांचे किंवा मातीचे. म्हणून ते मळकट असत असं समजू नका. मंजिष्ठेचा लाल आणि नीळ नीट साधली तर डोळ्यांत भरते. १०० ग्रॅम सुती कापडाला मी हिरड्याची पूड १५ ग्रॅम घालून रात्रभर भिजवतो, वाळवतो, मग १५ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात बुडवतो, पुन्हा वाळवतो, आणि शेवटी ५० ग्रॅम मंजिष्ठेच्या पाण्यात तासभर मंद आचेवर ठेवतो. पाणी उकळू द्यायचं नाही. बोट बुडवलं तर चटका बसावा पण बुडबुडे येऊ नयेत. उकळलं की लाल जाऊन तपकिरी येतो. भांडं स्टीलचं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. हळदीचा पिवळा फार देखणा येतो, पण उन्हात एका दिवसात उडतो.

पागोटं म्हणून दुकानातली तयार, शिवलेली, कडक पगडी घेऊ नका. ती सुबक असते, पण कारकुनाच्या डोक्यावर मी बांधलेलंच पागोटं पसंत करतो. आठ मीटर मलमल लांबीत मधून फाडा, २२ इंचांची पट्टी होते. ओलसर असतानाच दोघांनी दोन टोकांना धरून सैलसर पीळ द्या आणि बसून गुडघ्यावर बांधायला शिका; गुडघ्यावर बांधताना सगळं समोर दिसतं. पहिले पंधरा दिवस ते सुटणार. एक सांगायला हवं: त्या काळी पागोट्याच्या बांधणीवरून माणसाची जात, हुद्दा, कुठल्या दरबाराचा ते कळत असे. शिंदेशाही, होळकरशाही ही नावं आजही त्यामुळेच टिकली आहेत. म्हणून ‘कुठलंही छान दिसणारं’ बांधू नका, तुमच्या माणसाचं बांधा. चित्रात नीट दिसत नसेल तर साधं, बिनतुऱ्याचं ठेवा.

तुमच्या पत्नीसाठी काम निम्मं सोपं आहे, कारण नऊवारी हे न शिवलेलं वस्त्र. नेसायला शिकणं हीच सगळी मेहनत. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. शिवलेली तयार नऊवारी टाळा, कारण तिचा काष्टा पायजम्यासारखा बसतो आणि चालीत फरक दिसतो. सुती इरकली घ्या, त्यावर खणाची, पुढे गाठ मारायची चोळी. ती चोळीही चौकोन-त्रिकोणांचीच असते आणि तिच्याही बगलेत तोच तुकडा येतो. नेसणं एखाद्या सत्तरीच्या आजींकडून शिकावं. पडद्यावर बघून काष्टा खोचता येतो, पण तो किती घट्ट हे कळत नाही. आजीची पैठणी कापून कधी काही शिवू नका. जुने कपडे अंगावर घालूसुद्धा नका, घामाने जर काळी पडते आणि घडीवर रेशीम तुटतं. त्यांच्याकडून मापं घ्या, टाके पाहा आणि परत मलमलीत गुंडाळून ठेवा.

खर्च माझ्या अलीकडच्या खरेदीवरून सांगतो. अंगरखा, पागोटं आणि उपरणं यांची मलमल साधारण १५ मीटर, अडीच हजार रुपयांपर्यंत. मांजरपाट, दोरा, सुया, मेण मिळून ५००. रंगसामान ६००. धोतर ७००-८००. चामड्याचे साधे जोडे दीड हजार. एकूण सहा हजारांच्या आत. भाड्याचा ड्रेस तीन-चार वर्षं आणाल तेवढ्यात हा कायमचा होतो. पैसे वाचवायचेच असतील तर जोड्यांवर वाचवा, कापडावर नको.

पोशाख झाला की शोभायात्रेची वाट पाहू नका. आधी चार रविवार घरात घाला. जिना चढा, जमिनीवर बसून जेवा, वाकून पाणी भरा, बोरूने पानभर मोडी लिहायचा प्रयत्न करा. चुण्यांची बाही शाईत बुडेल, मग लिहिण्याआधी ती कोपराकडे सारायची सवय हाताला लागेल. जमलं तर वाईजवळ मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात एकदा जाऊन या, भिंतींवरची चित्रं पाहा आणि तिथल्या उंच पायऱ्यांवर धोतर सावरत चढा-उतरा. घरी आलात की अंगरखा साध्या साबणाने धुवा, सावलीत वाळवा, आणि दर वेळी घडी वेगळ्या जागी घाला.

तोपर्यंत पुढची मापं कोणाकडून तरी सैल अंगावर घेऊन ठेवा: छाती, कंबर, मानेच्या मागच्या हाडापासून कमरेपर्यंत, कमरेपासून गुडघ्याखाली चार बोटं, मानेच्या त्याच हाडापासून हात आडवा पसरून मनगटापर्यंत, दंडाचा घेर, आणि मूठ वळून मुठीचा घेर, कारण बाहीचं तोंड मुठीपेक्षा अरुंद झालं तर हात आत जाणार नाही. मापं कळवलीत तर पाठीचा आयत आणि बगलेचा चौकोन किती इंचांचा धरायचा ते मी काढून देईन.